सोलापूरचीं शाखानगरें

अमरकोशांत पुरवर्गाच्या आरंभीं नगरवाचक शब्द सांगून झाल्यावर 'शाखानगर' असा एक शब्द आला आहे. मूळ नगराहून निराळें, परंतु त्याच्याच आश्रयानें वसलेलें जें पुर, त्यास ही संज्ञा आहे. आज आपण ज्यास 'उपनगर' म्हणतों त्याचें हें जुनें नांव होय. आणि आमच्या मतें तें अधिक अर्थवाहीही आहे. 'उप' या उपसर्गानें केवळ जवळपणा दाखविला जातो. 'शाखा' या शब्दानें मुळाशीं असलेला संबंध सुचविला जातो. सोलापूर शहर कसकसें वाढत गेलें याचा विचार करतांना हा शब्द आम्हांस वारंवार आठवला. म्हणून तोच प्रस्तुत लेखाच्या शिरोभागीं घातला आहे.

सोलापूरचा इतिहास म्हणून जें सामान्यतः लिहिलें जातें तें भुईकोट किल्ला, श्रीसिद्धरामेश्वर आणि इ. स. १९३० चा लष्करी कायदा या तीन विषयांभोवतीं फिरतें. तें योग्यच आहे. परंतु वेशीबाहेर जी वस्ती वाढत गेली आणि जींत आज शहरांतील बहुसंख्य लोक राहतात, तिच्या इतिहासाकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. आम्हीं पस्तीस-एक वर्षें या शहराच्या पूर्व भागांतील एका शाळेंत अध्यापन केलें. दर जून महिन्यांत नव्या मुलांचीं नांवें जनरल रजिस्टरांत चढवितांना पत्त्याच्या रकान्यांत 'पेठ' हा शब्द हळूहळू विरळ होत गेला व त्याच्या जागीं 'नगर', 'वस्ती', 'सोसायटी', 'घरकुल' हे शब्द येऊं लागले, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. त्या रकान्यानें जें कुतूहल उत्पन्न केलें त्याचें फळ हा लेख आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सोलापूरचीं शाखानगरें मुख्यतः कामासाठीं शहराकडे आलेल्या श्रमिकांनीं वसविलीं, आणि शहराची हद्द प्रत्येक वेळीं त्यांच्या मागून चालत गेली.

प्रथम नांवाविषयींचा एक गैरसमज दूर करावयास हवा. सोळा गांवें मिळून झालें तें सोलापूर, अशी एक व्युत्पत्ति लोकांत रूढ आहे. आम्हीं स्वतः ती कित्येक वर्षें वर्गांत सांगितली, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. परंतु ती टिकत नाहीं. संस्कृत 'षोडश' शब्दांतील डकाराचा ळकार होऊन मराठी 'सोळा' सिद्ध झाला आहे. तेव्हां सोळा गांवांवरून नांव पडलें असतें तर तें 'सोळापूर' असें उच्चारलें गेलें असतें. येथील कोणीही मनुष्य असा ळकार उच्चारीत नाहीं. उलट पक्षीं कोरीव लेखांची साक्ष स्पष्ट आहे. १२ व्या शतकांतील शिवशरण सिद्धराम यांचें गांव 'सोन्नलगे' अथवा 'सोन्नलिगे' म्हणून प्रसिद्ध आहे. मोहोळ तालुक्यांतील कामती येथील शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत लेखांत 'सोनलिपूर', सोलापूरच्या किल्ल्यांतील एका लेखांत 'सोनलपूर' व तेथील विहिरीवरील लेखांत 'संदलपूर' अशीं रूपें आहेत. 'सोनलपूर' यांतील नकार लोपून 'सोलापूर' हें रूप आलें, असें मानणें सयुक्तिक दिसतें. इंग्रजी अमदानींत त्याचेंच 'शोलापूर' झालें.

सोळा गांवांची कथा मात्र सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. आपलें शहर अनेक गांवांचें मिळून झालें आहे, असें येथील लोकांस वाटत आलें, एवढें तीवरून कळतें. व्युत्पत्ति म्हणून ती खोटी आहे. पुढें जें घडलें त्याचें वर्णन म्हणून ती बरीच खरी ठरली. तें कसें, हें यथास्थळीं सांगूं.

मूळ नगराची व्याप्ति लहान होती. तलाव, त्यांतील श्रीसिद्धेश्वराचें देवालय, त्यालगत बहामनी काळापासूनचा भुईकोट किल्ला आणि कसबा, एवढेंच तें मूलनगर. सिद्धरामांनीं गांवाच्या पंचक्रोशींत अडुसष्ट लिंगें स्थापिलीं अशी परंपरा आहे. आजही मकरसंक्रांतीच्या यात्रेंत सात नंदीध्वज मिरवीत त्या लिंगांस तैलाभिषेक केला जातो. या प्रदक्षिणेस आम्ही सोलापूरची पहिली हद्द मानतों. ती कोणा सरकारी मोजणीदारानें आंखलेली नव्हती. माणसांच्या पायांनीं ती दरवर्षीं पुन्हां आंखली जात असे. पुढें गांवास कोट आला व वेशी आल्या. कोट आज नाहीं. परंतु बाळी वेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस हीं नांवें लोकांच्या तोंडीं टिकून आहेत. वेस गेली तरी वेशीचें नांव जात नाहीं, ही गोष्ट नगरांच्या इतिहासकारानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

वेशीबाहेरची पहिली वाढ पेठांच्या रूपानें झाली. 'पेठ' हा शब्द कानडींतील 'पेटे' या शब्दाशीं संबद्ध असून त्याचा अर्थ बाजाराची वस्ती असा आहे. मराठी राज्यांत नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून कौल दिला जाई. वसणाऱ्या उदमी लोकांस कांहीं वर्षें करांची सूट मिळे. शेटे व महाजन यांची नेमणूक होई. पेठ ही अशा रीतीनें विचारपूर्वक केलेली वसाहत असे. सोलापुरांतील पेठांचीं नांवें पाहतां त्यांचे तीन वर्ग पडतात. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार हीं वारांचीं नांवें. साखर पेठेसारखीं मालाचीं नांवें. आणि भवानी, गणेश, बेगम इत्यादि दैवतांचीं वा व्यक्तींचीं नांवें. जोडभावी पेठ या नांवांत 'जोड' हा मराठी शब्द असून 'भावी' हा विहीर या अर्थाच्या कानडी 'बावी' शब्दाचें रूप दिसतो. दोन भाषांनीं एका नांवांत असा शेजार करावा, हें या शहराच्या स्वभावास साजेसेंच आहे.

इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो यानें किल्ला घेतला व पेशव्यांचा अंमल संपला. इंग्रजांची छावणी शहराबाहेर पडली. फौजेस लागणाऱ्या बाजाराचा 'सदर बझार' झाला, आणि तिच्या धान्यकोठाराची आठवण 'मोदीखाना' या नांवांत राहिली. फौज गेली, वस्ती राहिली. हाच प्रकार पुढें पुनःपुन्हां घडलेला दिसेल. इ. स. १८५२ मध्यें नगरपालिका स्थापन झाली, आणि इ. स. १८६० मध्यें पुण्याकडून येणारा लोहमार्ग सोलापुरास पोहोंचला.

येथें क्षणभर दूरदेशीं दृष्टि टाकणें उपयोगाचें होईल. याच सुमारास, इ. स. १८६९ मध्यें, अमेरिकेंतील शिकागो नगराच्या पश्चिमेस रिव्हरसाइड नांवाच्या उपनगराचा आराखडा ऑल्मस्टेड व व्हॉक्स या प्रसिद्ध उद्यानरचनाकारांनीं केला. वळणावळणाचे रस्ते, झाडी, मोकळीं मैदानें, आणि शहराशीं जोडणारी आगगाडी अशी ती योजना होती. शहराच्या गर्दीला व धुराला कंटाळलेल्या सुखवस्तु कुटुंबानें तेथें राहावें आणि कर्त्या पुरुषानें गाडीनें कामावर जावें, हा त्या वसाहतीचा हेतु. त्या देशाच्या मध्यभागांतील पुष्कळ उपनगरें याच धर्तीवर पुढें वाढलीं. सोलापुरांतही आगगाडी आली. परंतु तिनें उलटें कार्य केलें. शिकागोस तिनें धनिकांस शहराबाहेर नेलें. सोलापुरास तिनें कापूस व यंत्रें आणिलीं, आणि त्यांच्यामागें गरिबांस शहराच्या कडेस आणून सोडलें.

इ. स. १८७७ मध्यें मुरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच लोकांची 'जुनी गिरणी'. मुरारजी पेठेचें नांव तिची आठवण देतें. १९ व्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी व नरसिंगगिरजी, आणि २० व्या शतकाच्या पहिल्या दशकांत विष्णू व जाम या गिरण्या निघाल्या. गिरणी उघडली तें सालच दुष्काळाचें होतें. इ. स. १८७६ ते १८७८ या दुष्काळानें दक्षिणेंतील खेडीं ओसाड केलीं. शेतांत काम नाहीं व घरांत दाणा नाहीं, अशा लोकांस भोंग्याची हांक ऐकूं आली. कानडी, मराठी, उर्दू व तेलुगु बोलणारीं कुटुंबें येऊन गिरण्यांच्या आसपास चाळींत व झोपड्यांत राहूं लागलीं.

यांपैकीं तेलुगु भाषिक पद्मशाली समाजाचा विशेष उल्लेख करणें अवश्य आहे. हे लोक तेलंगणांतून आले ते वंशपरंपरेचे विणकर. त्यांतील पुष्कळांनीं गिरणींत काम केलें. परंतु हातमाग सोडला नाहीं. साखर पेठ, भवानी पेठ व त्यापलीकडे अशोक चौक, दत्त नगर, पद्मा नगर, नीलम नगर असा जो 'पूर्व भाग' वाढला, त्याची घडण या मागानें केली आहे. येथें घर व कारखाना यांमध्यें भिंत नव्हती. पुढच्या खणांत माग, मागच्या खणांत चूल. हातमागाच्या जागीं यंत्रमाग आला तेव्हां त्याचा खडखडाट अख्ख्या गल्लीचा श्वास बनला. जकार्ड लावलेल्या मागावर निघणारी सोलापुरी चादर, जिला पुढें भौगोलिक मानांकनही मिळालें, ती याच शाखानगराची निर्मिति होय. पुरुष मागावर, तर स्त्रिया सुपांत तंबाखू व पानें घेऊन विड्या वळावयास बसलेल्या. आमच्या वर्गांतील कित्येक मुलें 'रामः रामौ रामाः' म्हणावयास शिकलीं तीं आईच्या विड्यांचे कट्टे मोजतां मोजतां.

सर्वच शाखानगरें आपखुषीनें वसलीं असें मात्र नव्हे. इ. स. १८७१ च्या कायद्यानें कित्येक भटक्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यांत आलें होतें. २० व्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्यांत अशा लोकांस तारेच्या कुंपणांत ठेवण्यासाठीं ज्या वसाहती झाल्या, त्यांत सोलापूरची 'सेटलमेंट' ही एक प्रमुख होती. तेथील माणसांस हजेरी द्यावी लागे, आणि त्यांच्या हातांस काम देणाऱ्या पुन्हां याच गिरण्या. ज्यांची वागणूक समाधानकारक वाटे त्यांस कुंपणाबाहेर घर करण्यास परवानगी मिळे. त्या भागास 'फ्री कॉलनी' म्हणत. इ. स. १९५२ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेस या जमाती कायद्याच्या कलंकांतून मुक्त झाल्या. कुंपण गेलें, परंतु 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही टपालावर लिहिला जातो. तो पत्ता रजिस्टरांत लिहितांना लेखणी थबकली नाहीं असें आम्हांस स्मरत नाहीं. ज्या मुलास आपल्या पत्त्यांतील 'फ्री' या शब्दाचा अर्थ ठाऊक नाहीं, त्यास तो सांगावा कीं न सांगावा, हा प्रश्न आम्हांस त्या काळीं सुटला नाहीं. आज वाटतें, सांगावयास हवा होता.

अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या लोकांचें एक शहर झालें होतें काय? याचें उत्तर इ. स. १९३० च्या मे महिन्यानें दिलें. लष्करी कायदा पुकारला गेला, आणि इ. स. १९३१ च्या जानेवारीच्या १२ तारखेस येरवड्यास मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे फांशीं गेले. हीं चार नांवें नुसतीं वाचलीं तरी कोणकोणत्या लोकांनीं मिळून हें शहर झालें होतें, तें वेगळें सांगण्याचें कारण उरत नाहीं.

आतां लोकसंख्येचे आंकडे पाहूं. इ. स. १८७२ च्या खानेसुमारींत सोलापूरची वस्ती ५३,४०३ होती. १९०१ सालीं ती सुमारें ७५ हजार झाली, १९११ सालीं सुमारें ६१ हजारांवर उतरली, आणि १९२१ सालीं एकदम १ लाख १९ हजारांच्या घरांत गेली. वरवर पाहणारा म्हणेल कीं दहा वर्षांत शहर दुप्पट झालें. परंतु १९११ ची उतार ही प्लेगची होय. मोजणीच्या वेळीं पुष्कळ लोक गांव सोडून गेलेले होते. असाच दुसरा चकवा अलीकडे आहे. १९९१ सालीं वस्ती सुमारें ६ लाख ४ हजार, आणि २००१ सालीं सुमारें ८ लाख ७२ हजार! या दहा वर्षांत तर गिरण्या बंद पडत होत्या. मग माणसें कोठून आलीं? तीं आलीं नव्हतीं. शहरच त्यांच्याकडे गेलें होतें.

इ. स. १९६४ मध्यें नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तिचें क्षेत्र बराच काळ सुमारें ३३ चौरस किलोमीटर होतें. इ. स. १९९२ मध्यें हद्दवाढ होऊन तें सुमारें १७८ चौरस किलोमीटर झालें. बाळे, केगांव, देगांव, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी, सोरेगांव, कुमठे इत्यादि गांवें शहरांत आलीं. सोळा गांवांच्या ज्या कथेस आम्हीं वर खोटें ठरविलें, तिला आठ शतकांनंतर असा अर्थ प्राप्त झाला. परंतु कागदावरील हद्द एका दिवसांत सरकते; नळ, गटार व दिवा त्या गतीनें सरकत नाहींत. हद्दवाढ भागांतील लोक कर शहराचा भरीत व पाणी टँकरचें पीत, अशीं कित्येक वर्षें गेलीं. 'हद्दवाढ भाग' हा शब्दप्रयोगच इतका रुळला कीं, तेथें जन्मलेलीं मुलें मोठीं होऊन संसारास लागलीं तरी तो भाग वाढीव तो वाढीवच राहिला. शाखा मूळ वृक्षाची केव्हां होते, या प्रश्नास आमचें उत्तर असें : मुळांतील पाणी तिला पोहोंचतें तेव्हां.

शहराच्या दक्षिणेस, लोहमार्गापलीकडे, 'जुळे सोलापूर' वाढलें. आमच्या सिद्धान्तास हा भाग अपवाद आहे, हें सांगितलें पाहिजे. येथें बहुतांशीं नोकरदार, शिक्षक, वकील, वैद्य यांनीं प्लॉट घेऊन घरें बांधलीं. पेठांतील वाडे सोडून लोक येथें आले. रिव्हरसाइडच्या जातीचें सोलापुरांत कांहीं असेल तर तें हेंच. तरीही नांव पाहावें. 'नवें सोलापूर' न म्हणतां लोकांनीं 'जुळें' म्हटलें, यांत मूळ शहराशीं नातें न तोडण्याची इच्छा दिसते.

इकडे गिरण्यांचें काय झालें? जुनी गिरणी इ. स. १९४९ मध्यें बंद पडली. तिचा कारभार हातीं घेण्यासाठीं केंद्र सरकारास इ. स. १९५० मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यावरून झालेले सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आजही कायद्याच्या अभ्यासकांस वाचावे लागतात. लक्ष्मी-विष्णू गत शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद झाली. भोंगे थांबले, कामगार बेकार झाले. परंतु फौज गेल्यावर जसा सदर बझार राहिला, तशाच गिरण्या गेल्यावर चाळी राहिल्या. ज्यासाठीं वस्ती झाली तें कारण नाहींसें होतें, वस्ती मात्र आपलें दुसरें कारण शोधून काढते.

शेवटचें उदाहरण हद्दीबाहेरचें आहे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी या गांवच्या शिवारांत विडी कामगार स्त्रियांसाठीं कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नांवानें दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानें ती झाली, आणि इ. स. २००६ मध्यें पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें घरें देण्यांत आलीं. त्याच कुंभारींत 'रे नगर' ही असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांची योजना आंखली गेली. तींतील पंधरा हजार घरें इ. स. २०२४ च्या जानेवारीच्या १९ तारखेस पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें देण्यांत आलीं. विडी वळणाऱ्या, यंत्रमाग चालविणाऱ्या, कागद-काच वेंचणाऱ्या माणसांचीं हीं घरें. यांतील पुष्कळांचे पूर्वज दुष्काळांत वेशीबाहेर येऊन झोपडींत राहिले होते. त्यांच्या पणत्या-नाती पुन्हां वेशीबाहेरच गेल्या. फरक एवढाच कीं, या वेळीं घराच्या कागदावर बाईचें नांव आहे. आमच्या मतें हा फरक लहान नाहीं.

येथवर जें सांगितलें त्याचीं साधनें फार विस्कळित आहेत, आणि तीं नष्ट होत आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं शहरांतील एका रद्दीच्या दुकानांत एका बंद गिरणीचीं हजेरीपुस्तकें आमच्या दृष्टीस पडलीं. नांव, गांव, खातें, रोज असे रकाने होते. कोणता कामगार कोणत्या खेड्यांतून आला हें त्यांत एका ओळींत कळत होतें. घरीं जाऊन पैसे घेऊन येईपर्यंत तीं वजनावर गेलीं होतीं. किल्ल्याचा शिलालेख आठशें वर्षें टिकतो, कारण तो दगडावर आहे. चाळीचा इतिहास कागदावर आहे व कागदाचा भाव किलोवर ठरतो.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. ज्यांच्या घरीं जुनीं भाडेपावत्या, मागाच्या वह्या, गिरणीचे बिल्ले, प्लॉटचीं खरेदीखतें, हाउसिंग सोसायट्यांचीं इतिवृत्तें अथवा हद्दींत विलीन झालेल्या गांवांचीं पाटील-कुलकर्ण्यांचीं दप्तरें असतील, त्यांनीं तीं टाकूं नयेत. निदान त्यांची नक्कल करून मंडळाकडे द्यावी. शाळांचीं जनरल रजिस्टरें मुख्याध्यापकांनीं जपावीं. त्यांतील जन्मस्थळ, मातृभाषा व पत्ता हे तीन रकाने म्हणजे या शहराची बखरच आहे. आणि ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांस पहिली झोपडी कोठें घातली तें आठवतें, त्यांच्यापाशीं एक दुपार बसून तें लिहून घ्यावें. दगडावर ज्यांचीं नांवें कोरलीं गेलीं नाहींत, त्यांचा इतिहास हाच, आणि तो मिळविण्यास फार अवधि उरलेला नाहीं.